गिटार, पाचगणीचा पाऊस आणि ब्लूज

पाचगणीला पाश्चात्य संगीत नवे नाही. येथील सेंट पीटर्स शाळेत १९५० नंतरच्या दशकात शिकणारा फारुख बुलसारा हा विद्यार्थी ‘हेक्टिक्स’ नावाच्या शालेय वाद्यवृंदात पियानो वाजवीत असे. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. पियानोला मात्र स्वतंत्र खोली लागते. गिटार वसतिगृहातल्या खाटेखालीही मावते. त्यामुळे विद्यार्थ्यांची पहिली पसंती सहसा तिलाच मिळते. पण हौसेने घेतलेल्या गिटारींपैकी कितीतरी वर्षभरातच कपाटावर धूळ खात पडतात. ‘बोटे दुखतात’, ‘आपल्या हातात सूरच नाही’, अशी कारणे सांगितली जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच, की पुष्कळदा दोष बोटांचा नसून वाद्याचा असतो. तो निवडतेवेळी टाळता येतो, आणि नंतर उद्भवला तर निगा राखून दूरही करता येतो.

निवड

प्रथम हे ठरवावे, की नायलॉनच्या तारांची गिटार हवी की पोलादी तारांची. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोग्रॅमच्या आसपास असतो. नायलॉनचा पुष्कळच कमी. म्हणून नायलॉनसाठी घडविलेल्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. घोडी उखडते, वरची फळी फुगते आणि वाद्य कायमचे निकामी होते.

दुकानात गेल्यावर चकाकी पाहू नये, दांडी पाहावी. वाद्य डोळ्यासमोर आडवे धरून दांडीच्या कडेवरून नजर टाकली की पीळ असल्यास लगेच कळतो. नंतर बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची पाहावी. पोलादी तारांच्या गिटारीत ती जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर असावी. चार-पाच मिलिमीटर असेल, तर ती तार दाबताना नवशिक्याची बोटे सोलून निघणारच! आता बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावी आणि मग त्याच जागी तारेला नुसता हलका स्पर्श करून वाजवावी. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. ते जुळत नसतील, तर दांडीच्या वरच्या भागात ती गिटार सुरात बोलणार नाही. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठे खरखर येते का, तेही ऐकावे.

लाकडाविषयी थोडे. वरची फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते. मागची फळी व कडा पुष्कळदा शिसवी असतात. हे शिसव आपल्या सह्याद्रीतही होते. १८३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतीय शिसव वापरण्यास सुरुवात केली. अखंड लाकडाचा नाद अधिक भरदार असतो, यात शंका नाही. तरीही पाचगणीत राहणाऱ्या नवशिक्याने प्लायवूडच्या गिटारीला नाक मुरडू नये, असे माझे मत आहे. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असतात, त्यामुळे ते दमट हवेत कमी फुगते.

निगा

आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या मानाने येथे पाऊस कमी. पण जून ते सप्टेंबर धुके खिडकीतून थेट खोलीत येते. लाकूड ओलावा शोषून घेते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. वरची फळी फुगली की तिच्यावरची घोडी उचलली जाते आणि तिच्याबरोबर ताराही. मे महिन्यात सहज वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटांना नकोशी होते, ती यामुळे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात याच्या उलट घडते. लाकूड आकसते, पडद्यांची टोके दांडीच्या कडेला बोचू लागतात आणि क्वचित फळीला चीरही जाते.

यावर उपाय साधे आहेत. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे गिटारीला मानवते. ती मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, कारण भिंतीला ओल असते. टणक पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात. ओलावा घालविण्यासाठी वाद्य शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, सरस सुटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, घामाने त्या गंजतात. नियमित वाजविणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी तारा बदलाव्यात. वरच्या फळीला खोबरेल वगैरे तेल कधीही लावू नये. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींच्या दांडीत एक लोखंडी सळई असते. ती पिळून दांडीचा बाक सुधारता येतो; पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये, आणि पहिल्यांदा जाणत्याकडूनच करून घ्यावे.

हे शास्त्र आपल्याकडे परके नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या सतार-तंबोरे घडवीत आले आहेत. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढताना कारागीर केसभर घासतो आणि कानाने ऐकतो. गिटारीची घोडी थोडी घासून तारा खाली आणणे हे त्याच जातीचे काम आहे.

ब्लूज

आता ज्या संगीतासाठी पुष्कळांना गिटार हवी असते, त्या ब्लूजविषयी. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाणे आकाराला आले. आपली ओवी जात्यावर वाढली, तशी याची मुळे शेतात राबणाऱ्यांच्या हाळ्यांत आहेत. याचा साचा सोपा आहे. चार मात्रांचा एक खंड, अशा बारा खंडांचे एक आवर्तन. त्यात षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभ्या केलेल्या तीन स्वरसंघांचा खेळ. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने उत्तर द्यायचे.

मग अवघड काय? अवघड आहे ते दोन पडद्यांच्या मधले. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या दरम्यानचा स्वर पडद्यावर मिळत नाही. तार ओढून काढावा लागतो. आपण याला मींड म्हणू. द्रुतगतीने बोटे फिरविणे म्हणजे ब्लूज, हा समज मला चुकीचा वाटतो. बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांचा एकच कंप पावणारा स्वर ओळखू येई. मिसिसिपी जॉन हर्ट यांचे १९२८ चे ध्वनिमुद्रण ऐकावे. अंगठा संथपणे ठेका धरतो आणि उरलेली बोटे गाणे सांगतात. त्या काळच्या अनेक वादकांच्या हातात स्टेलासारख्या स्वस्त गिटारी होत्या, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तार ओढायची तर ती बारीक हवी आणि फार उंच नको. म्हणजे पुन्हा निगेचाच प्रश्न. उंच तारांची जुनी गिटारही फेकून देऊ नये. बाटलीचा गळा किंवा धातूची नळी तारांवरून सरकवून वाजविण्यास उंच तारच सोयीची असते. याच सरकत्या पद्धतीने ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारीवर राग वाजविले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ते आहेत. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी मिळाले, तेव्हा मिसिसिपीची सरकती तार आणि आपली मींड एकाच बैठकीत बसली होती.

तेव्हा मित्रहो, ‘हे वाद्य आपल्यासाठी नाही’ असे ठरविण्यापूर्वी एकदा बाराव्या पडद्यापाशी पट्टी लावून पाहा. तार उंच असेल तर ती खाली आणा, मग स्वतःची परीक्षा घ्या. कितीतरी जणांची गिटार बोटांनी नव्हे, केवळ दोन मिलिमीटरने सुटलेली असते.