मुलांचें वावडें आणि एकत्र कुटुंब

कोल्हापुरांतील स्वयंपाकघरांत शेंगदाण्याच्या कुटाचा डबा रिकामा आहे, असा दिवस विरळाच. भरल्या वांग्यांत कूट, काकडीच्या कोशिंबिरींत कूट, एकादशीच्या खिचडींत कूट, वरईच्या तांदुळांवर दाण्यांची आमटी, आणि संक्रांतीच्या तिळगुळांतहि दाण्यांची भर. अशा घरांत एखादें मूल असें निघतें, कीं दाणा तोंडांत पडतांच त्याचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि क्वचित् श्वासहि कोंडतो. त्या मुलानें काय खावें व काय खाऊं नये, हें डॉक्टर सांगतील. परंतु ज्या घरांत दहाबारा माणसें आहेत, चूल एक आहे आणि वाढणारे हात अनेक आहेत, त्या घरानें कसें वागावें, हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठींत मावत नाहीं. त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

वावडें हा आपल्या भाषेंतला जुना शब्द आहे. आणि वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांत सात्म्य व असात्म्य यांचा विचार विस्तारानें आलेला आहे. एकास मानवतें तें दुसऱ्यास मानवत नाहीं, हें पूर्वजांस ठाऊक होतें. मात्र घरगुती बोलण्यांत या एका शब्दाखालीं आपण अनेक गोष्टी कोंबतों. वांग्यानें अंग खाजणें, हरभऱ्यानें पोट फुगणें, दूध न पचणें, आणि कारलें नुसतें न आवडणें, हें सगळें वावडेंच! व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं ‘ॲलर्जी’ हा शब्द प्रथम योजिला. अन्नाच्या खऱ्या ॲलर्जींत शरीराची संरक्षक शक्तीच फसते. अन्नांतील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनास ती शत्रु समजते, त्याच्यासाठीं रक्तांत एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार ठेवते, आणि पुढील खेपेस तें प्रथिन येतांच सर्व शरीरभर रण माजविते. कणभर अन्नहि त्यास पुरेसें होऊं शकतें.

दुधाचें उदाहरण घेतल्यास हा भेद चांगला ध्यानांत येतो. गंगावेशींत म्हशीचें धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्या आमच्या गांवास दूध कोणाला बाधेल हें पटणेंच कठीण. पण कित्येकांस दुधांतील साखर पचत नाहीं. त्यांचें पोट गुडगुडतें, जुलाब होतात. तरी त्यांस घोटभर दूध सोसतें, आणि दहीं-ताक बहुधा मानवतें. खरें वावडें असतें तें दुधांतील प्रथिनांचें. तेथें घोटभराचा हिशेब चालत नाहीं. “गाईचें बाधतें ना, मग म्हशीचें द्या; तेंहि बाधलें तर शेळीचें द्या,” हा सल्ला शेजारपाजारीं फार ऐकूं येतो आणि तो धोक्याचा आहे; कारण या तिन्ही दुधांतील प्रथिनें एकमेकांशीं फार मिळतींजुळतीं असतात. तान्ह्या मुलाचें दूध तोडावयाचें तर त्याच्या बदलीं काय द्यावयाचें, हें डॉक्टरांस विचारल्यावांचून तोडूं नये.

“आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें,” असें घरांतील आजीबाई म्हणतात, तेव्हां त्यांस हंसूं नये. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. अन्नाचें खरें वावडें आपल्या देशांत अजूनहि विरळाच आहे. म्हैसूर-बंगळूर भागांत या विषयाची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले, ते प्रौढांविषयींचे आहेत. तपासलेल्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्यें सांपडलीं. परंतु खरोखर वावडें असण्याचा संभव शेंकडा एकाहून थोड्याच अधिक लोकांत दिसला. मुलांत तर तें प्रमाण याहूनहि कमी आढळलें.

परंतु विरळा म्हणजे खोटें नव्हे. मुलाला दाण्याचें वावडें आहे असें सुनेनें सांगितलें, तर ती शहरी खुळें घेऊन आली असें समजून कोणी काकू अगर आत्याबाई चोरून लाडवांतून चिमूटभर दाणा देऊन ‘परीक्षा’ पाहते. आम्हांस या परीक्षेविषयीं कठोर बोलल्यावांचून राहवत नाहीं. प्रेमापोटीं केलेलें असलें, तरी तें दुसऱ्याच्या लेंकराच्या जिवाशीं खेळणें आहे. मागील खेपेस नुसत्या गांधी उठल्या म्हणून या खेपेसहि तेवढेंच होईल, असा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं.

याच्या उलट टोंकाचीहि चूक होते, आणि शिकलेल्या घरांत ती अधिक. आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलाच्या अंगावर वरचेवर पुरळ येई, म्हणून रक्ताची मोठी तपासणी झाली. कागदावर वीसएक पदार्थांपुढें खुणा आल्या. घरच्यांनीं ते सर्व बंद केले. वर्षभर तें पोर मुगाच्या वरणभातावर राहिलें. वजन वाढेना, आणि पुरळहि जाईना. शेवटीं एका जाणत्या बालरोगतज्ज्ञांनीं मागील हकीकत नीट विचारून एकच पदार्थ वर्ज्य ठेवला. वर सांगितलेल्या पाहणीचा अर्थ हाच आहे. रक्तांतील खूण म्हणजे रोग नव्हे. जो पदार्थ मूल आजवर सुखानें खात आलें, तो केवळ कागदावरून तोडूं नये.

मग ओळखावें कसें? यास वहीसारखें दुसरें साधन नाहीं. काय खाल्लें, किती, किती वेळानें काय झालें, आणि पुन्हां तोच पदार्थ खाल्ल्यावर तेंच झालें काय, हें आईनें तारीख घालून लिहावें. खऱ्या वावड्याचीं लक्षणें बहुधा कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत, दिसतात. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास त्वचेवर सूक्ष्म टोचणी करून अथवा रक्त पाहून ते शंका पडताळतात. आणि तरीहि संशय उरला तर तो पदार्थ अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमानें खावयास देऊन पाहतात. ही शेवटची कसोटी मात्र सर्व साधनें हाताशीं असलेल्या रुग्णालयांतच व्हावयाची. तपासतांना परदेशी याद्यांवरच विसंबूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. पाटील, निफाडकर व बापट या संशोधकांनीं २००१ सालीं हरभऱ्याच्या वावड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, व भारतीय उपखंडांत हरभरा हें वावड्याचें एक प्रमुख कारण असल्याचें दाखविलें. ज्या घरांत पिठलें, भजीं आणि पुरणपोळी हीं नित्याचीं, तेथें हें ठाऊक असलेलें बरें.

आतां उष्टावणाविषयीं. पूर्वी परदेशांतील डॉक्टर लहान मुलांस तीन वर्षांपर्यंत दाणा देऊं नका असें सांगत. परंतु २००८ सालीं असें दिसून आलें, कीं जेथें मुलांस तान्हेपणींच दाण्याचे पदार्थ देतात त्या इस्रायलपेक्षां इंग्लंडमधील ज्यू मुलांत दाण्याचें वावडें सुमारें दसपट होतें. पुढें लंडन येथें चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बालकांवर प्रयोग झाला. हीं बालकें तीव्र इसब अथवा अंड्याचें वावडें असलेलीं, म्हणजे अधिक धोक्याचीं, होतीं. २०१५ सालीं निष्कर्ष आले. ज्यांस दाणा वर्ज्य ठेवला त्यांपैकीं पांचव्या वर्षीं शेंकडा १७ मुलांस वावडें जडलें. ज्यांस नियमानें दिला त्यांत तें शेंकडा ३ होतें. आपल्याकडील सहाव्या महिन्याच्या उष्टावणानंतर इतर अन्नाबरोबर दाण्याचें मऊ, पातळ वाटण थोडें थोडें सुरू करण्यास यामुळें आधारच मिळतो. अखंड दाणा मात्र कधींहि देऊं नये; तो घशांत अडकतो. आणि मुलास तीव्र इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थाचें वावडें आधींच दिसलें असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारावें.

वावडें ठरलें म्हणजे घराचें काम सुरू होतें. येथें आमच्या वडील मंडळींची एक जुनी संवय फार उपयोगी पडेल. ज्यांनीं सोंवळ्याचा स्वयंपाक पाहिला आहे, त्यांस निराळें पातेलें, निराळी पळी, हात धुतल्यावांचून स्पर्श नाहीं, ही शिस्त समजावून सांगावी लागत नाहीं. तीच शिस्त लेंकरासाठीं पाळावयाची. त्याचें अन्न आधीं शिजवावें व झांकून बाजूस ठेवावें. कूट केलेल्या मिक्सरच्या भांड्यांत त्याची चटणी वाटूं नये. नुसत्या पाण्यानें हात धुवून दाण्याचा अंश पुरता जात नाहीं; साबण हवा. तेलाचीहि एक गोष्ट सांगावयाची आहे. घाण्याच्या शेंगतेलांत प्रथिनांचा अंश राहतो, तर शुद्ध केलेल्या तेलांत तो जवळजवळ नसतो. घाण्याचें तेल सकस म्हणून हल्लीं पुन्हां घरोघर येऊं लागलें आहे. दाण्याचें वावडें असलेल्या घरानें तें आणूं नये. दुधाचें वावडें असणाऱ्यास सत्यनारायणाचें पंचामृत आणि प्रसादाचा शिरा दोन्ही वर्ज्य. प्रसाद नाकारण्याचा संकोच वाटतो. तरी हातांत घेऊन मस्तकीं लावावा व दुसऱ्यास द्यावा, देव रागावणार नाहीं. बाजारच्या बंद पुड्यांवर दूध, अंडें, शेंगदाणे, सोयाबीन, गहूं इत्यादींचा उल्लेख असावा असें २०२० सालच्या भारतीय नियमांत आहे. परंतु त्या नियमांच्या यादींत तीळ नव्हता, हें तिळाचें वावडें असणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शाळेंत मुलें डबा वाटून खातात, आणि तें चांगलेंहि आहे. वावड्याच्या मुलास वेगळें बसविण्यापेक्षां वर्गशिक्षकांस लेखी कळवावें, आणि मुलास एकच वाक्य शिकवावें : “मला हें चालत नाहीं, आईला विचारून खाईन.” चारपांच वर्षांचें मूल हें वाक्य सहज शिकतें.

इतकें करूनहि चूक होते. नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनीं दिलेली खाजेची गोळी चालते. आमसुलाचें पाणी अंगास लावल्यानें बरें वाटतें, त्यासहि आमची हरकत नाहीं. परंतु आवाज घोगरा होणें, धाप लागणें, जीभ सुजणें, वारंवार ओकारी, ग्लानि, यांपैकीं कांहीं दिसल्यास गोळी व आमसूल यांत क्षणहि घालवूं नये. त्यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंत. मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवितात. मुलास आडवें निजवून पाय उंच करावे. श्वास लागत असेल तर टेंकून बसवावें. चालवूं नये, ओकारी काढूं नये, तोंडानें कांहीं पाजूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. राधानगरीच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेवर राहणाऱ्यांस शहर गांठावयास वेळ लागतो. त्यांनीं हें औषध जवळच्या कोणत्या दवाखान्यांत असतें, हें आजच विचारून ठेवावें. उतार पडला तरी कांहीं तास रुग्णालयांतच थांबावें, कारण त्रास पुन्हां उलटतो.

दूध व अंडें यांचीं वावडीं पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जातात. दाण्याचें सुमारें पांचांपैकीं एकाचें जातें. म्हणून वर्षादोन वर्षांनीं पुन्हां तपासणी करून घ्यावी, आणि तीहि रुग्णालयांत.