घाटात गाडी का लागते?

राधानगरी ओलांडून दाजीपूर गाठले, की गव्यांच्या अभयारण्यातला तांबड्या मातीचा रस्ता सुरू होतो. गाडी सावकाश चालते. तरी वळणांवर मागच्या सीटवरचे मूल गप्प होते, त्याला घाम फुटतो, मळमळू लागते.

ही गडबड पोटात नव्हे, मेंदूत सुरू होते. आतल्या कानातील 3 अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव प्रत्येक वळण टिपतो. डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले असतील, तर ‘सारे स्थिर आहे’ असे कळवतात. या उलटसुलट निरोपांचा मेळ मेंदूला लागत नाही. चालकाला पुढचे वळण आधीच दिसते, म्हणून त्याला सहसा त्रास होत नाही. 2 ते 12 वर्षांच्या मुलांना तो अधिक होतो.

जंगलात हवे तिथे उतरता येत नाही, त्यामुळे काळजी आधीच घ्यावी. निघताना हलके खावे, काच थोडी उघडी ठेवावी, मुलांना मोबाइलऐवजी दूरचे डोंगर दाखवावेत. गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाआधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. अशा बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या टाळाव्यात.