पेरूने सर्दी होते का?



मी पेरू या फळाची माहिती सांगणार आहे. पेरू तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यात काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. पण बाईंनी वर्गात विचारले, "थंडीत घरी पेरू खाऊ देतात का?" तेव्हा निम्म्याहून जास्त मुले "नाही" म्हणाली. आमच्याही घरी तसेच आहे. आजी म्हणते, "थंडीचं पेरू खाऊ नगं, छाती भरंल." माझी धाकटी बहीण पहिलीत आहे. ती सारखी आजारी पडते, म्हणून तिला तर हातही लावू देत नाहीत. आणि आमच्या विहिरीवर पेरूची वीस झाडे आहेत!

पेरू मूळचा आपला नाही. तो अमेरिकेच्या उष्ण भागातला. पोर्तुगीज लोकांनी तो भारतात आणला. आपल्याकडे बागांत जो सरदार पेरू असतो, त्यालाच लखनौ ४९ म्हणतात. नाव लखनौचे, पण ती जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ साली निवडली. बी मात्र लखनौहून आलेले होते.

आता मुख्य गोष्ट. पेरूत क जीवनसत्त्व फार असते. बाईंनी तक्ता दाखवला. शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते. तेवढ्याच संत्र्यात ५० च्या आसपास आणि सफरचंदात जेमतेम पाच. आमच्या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे एक लहान पेरू खाल्ला तरी पुरून उरते. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक महागाचे सफरचंद नेतात, पेरू कोणी नेत नाही. मला याचे नवल वाटते.

अजून एक गंमत. शेळी, गाय, कुत्रा यांना क जीवनसत्त्व खावे लागत नाही, त्यांच्या अंगातच ते तयार होते. माणसाला आणि माकडाला ते तयार करता येत नाही. म्हणून माकडे आमच्या बागेत येतात, असे मी म्हटले तर बाई हसल्या. हे जीवनसत्त्व अंगात फार दिवस साठूनही राहत नाही, म्हणून रोज थोडे खावे लागते. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना महिनोन्‌महिने ताजी फळे मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, जखमा भरत नसत आणि पुष्कळ जण मरत. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरांनी बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, तेच लवकर बरे झाले.

आपली कातडी म्हणजे शेताच्या कुंपणासारखी आहे. कुंपण मोडले की ढोरे शिरतात, तसे कातडी फाटली की जंतू शिरतात. कातडी नीट भरून यायला क जीवनसत्त्व लागते. जंतू आत शिरलेच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात. त्या पेशींनाही ते लागते.

मग पेरूने सर्दी होते का? सर्दी विषाणूने होते. शिंकणाऱ्याच्या तोंडासमोर बसलो, किंवा त्याचा शेंबडाचा हात आपल्या हाताला लागून तो नाकाला गेला, की होते. थंडीत सर्दी जास्त होते आणि मृग बहाराचा पेरूही थंडीतच पिकतो, म्हणून बिचाऱ्या पेरूवर आळ येतो. पण पेरू खाल्ला म्हणजे सर्दी होणारच नाही, असेही नाही. मी खोटे सांगणार नाही. अंगाला लढायला बळ मिळते, एवढे खरे.

माझ्या बहिणीच्या अंगात रक्त कमी आहे, असे तपासणीत निघाले. तिला शाळेत लोहाची गुलाबी गोळी मिळते. बाजरीच्या भाकरीत आणि हरभऱ्यातही लोह असते, पण ते अंगाला नीट लागत नाही. त्याच जेवणाबरोबर पेरू खाल्ला तर जास्त लागते. जेवणावर लगेच चहा प्यायला तर उलट कमी लागते. हे मी आईला सांगितले. आता बहिणीला दुपारच्या भाकरीबरोबर अर्धा पेरू मिळतो, आणि चहा बंद. आजी म्हणाली, "दुपारचं उन्हात खाऊ दे, रातचं नगं." हेही चालेल.

पेरू धुऊन, सालीसकट खावा. सालीत जीवनसत्त्व जास्त असते. हिरवा दगडासारखा पेरू खूप खाल्ला तर पोट दुखते. पावसाळ्यातल्या पेरूत अळी असते, तो कापून बघावा. गाडीवर चिरून ठेवलेल्या तिखटमिठाच्या फोडींवर माश्या बसतात, त्यापेक्षा अख्खा घ्यावा.

आमच्याकडे चांगले पेरू क्रेटमध्ये भरून बाजारात जातात आणि त्याच पैशातून आम्हाला बिस्किटांचा पुडा येतो. पैसे लागतात, हे मला कळते. पण टोचलेला, वाकडा पेरू व्यापारी घेत नाही. चिमणीने चोच मारलेला सोडून बाकीचे घरी ठेवता येतात. वाकड्या पेरूतही जीवनसत्त्व तेवढेच असते.

ज्यांना दात नाहीत, त्यांना पेरूचे बी चावत नाही. त्यांच्यासाठी आई पिकलेला पेरू घेते, बिया काढते, गर कुस्करून त्यात दही, मीठ आणि थोडी साखर घालते. ही कोशिंबीर शिजवायची नाही, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. आजी दोन वाट्या खाते.

— इयत्ता ४ थी