डिजिटल संगीत स्ट्रीमर

डिजिटल संगीत स्ट्रीमर हे इंटरनेटवरील संगीतसेवेतून किंवा घरातील साठवणीतून ध्वनिफाइल घेऊन ती ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणारे उपकरण होय. बहुतेक स्ट्रीमर मोबाइल फोनवरील ॲपद्वारे चालवता येतात. अधिक चांगल्या आवाजासाठी जुना स्ट्रीमर बदलण्याची किंवा त्याला नवी उपकरणे जोडण्याची पद्धत हौशी श्रोत्यांत रूढ आहे. अशा बदलाचा लाभ किती होईल, हे ध्वनिमुद्रणापासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत उणीव नेमकी कोठे आहे, यावर अवलंबून असते.

इतिहास

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने (सीडी) डिजिटल ध्वनीचे प्रमाण ठरवून दिले. या प्रमाणानुसार ध्वनिलहरींचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवला जातो. एमपी३ पद्धतीमुळे फाइलींचा आकार लहान झाला; मात्र त्यासाठी ध्वनीतील काही माहिती कायमची वगळली जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक पद्धतीत कोणतीही माहिती न गमावता फाइल लहान करता येते. त्याच वर्षी अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस कंपनीने संगणकजाळ्यावरून संगीत वाजवणारे उपकरण विक्रीस आणले. २००७ मध्ये स्कॉटलंडमधील लिन कंपनीने उच्च श्रेणीचा स्ट्रीमर सादर केला. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामुळे कमी खर्चात घरीच स्ट्रीमर जोडणे शक्य झाले.

कार्यपद्धती

स्ट्रीमर जाळ्यावरून आलेली माहिती काही काळ स्वतःच्या स्मृतीत साठवतो व तेथून ठरलेल्या गतीने पुढे पाठवतो. डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक, म्हणजेच डॅक, त्या आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करतो. ॲम्प्लिफायर या लहरींची शक्ती वाढवतो आणि स्पीकर त्यांचा ध्वनी करतो. डॅक काही स्ट्रीमरमध्ये अंतर्भूत असतो, तर काहींना बाहेरून जोडावा लागतो.

जाळ्यावरून येणारी माहिती तपासून घेतली जाते व चुकलेला भाग पुन्हा मागवला जातो. त्यामुळे महागड्या नेटवर्क केबलने ध्वनिफाइल अधिक ‘शुद्ध’ होत नाही. जोडणी सदोष असल्यास गाणे अडखळते किंवा थांबते. त्याचा गोडवा कमी होत नाही.

सुधारणेचे टप्पे

पहिला टप्पा बिनखर्चाचा असतो. संगीतसेवेच्या ॲपमध्ये ध्वनीचा दर्जा निवडण्याची सोय असते व डेटा वाचवण्यासाठी तो अनेकदा खालच्या पातळीवर ठेवलेला असतो. फार कमी दराच्या फाइलीत टाळ-झांजांचा नाद चिरफाळतो आणि तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म स्वर पुसट होतात. अशा वेळी नवा डॅक घेतला, तरी वगळलेली माहिती परत येत नाही.

दुसरा टप्पा स्पीकर व खोलीचा आहे. उघड्या भिंती व फरशी यांवरून ध्वनी परावर्तित होऊन शब्द अस्पष्ट होतात. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्जातील स्वर प्रमाणाबाहेर फुगतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे आणि स्पीकरची योग्य जागा यांमुळे होणारा फरक सहसा स्ट्रीमर बदलल्याने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

तिसरा टप्पा विद्युतजोडणीचा आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने भूजोडणीतील दोषामुळे स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येऊ शकते. स्ट्रीमर व डॅक प्रकाशतंतूच्या केबलने जोडल्यास त्यांच्यातील विद्युतसंबंध तुटतो व त्या मार्गाने येणारी गुणगुण थांबते.

डॅक किंवा स्ट्रीमर बदलणे हा यानंतरचा टप्पा होय. जुन्या उपकरणात खरखर असेल, ते आवश्यक फाइल वाजवत नसेल किंवा त्याचे सॉफ्टवेअर बंद पडले असेल, तर हा बदल सार्थ ठरतो.

ग्रामीण भागातील वापर

माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाचे गाव. अशा ग्रामीण भागात जेथे मोबाइल इंटरनेटवरच भिस्त असते, तेथे डेटाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. दर सेकंदाला ३२० किलोबिट दराने एक तास संगीत ऐकल्यास सुमारे १४४ मेगाबाइट डेटा लागतो. सीडीच्या दर्जाची मूळ माहिती तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट भरते. फ्लॅकमध्ये ती साधारणतः निम्म्या ते दोन-तृतीयांश आकारात मावते. आवडते संगीत एकदाच उतरवून साठवणीतून वाजवल्यास डेटा वाचतो व जाळे खंडित झाले, तरी श्रवणात व्यत्यय येत नाही. विजेचा दाब अस्थिर असल्यास स्टॅबिलायझर उपकरणाचे रक्षण करतो.

उच्च दर्जाच्या फाइलींविषयी मतभेद

२४ बिट व ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइली सीडीपेक्षा श्रेष्ठ असल्याचा दावा केला जातो. मनुष्याची श्रवणमर्यादा सुमारे २० किलोहर्ट्‌झ असून वयानुसार ती घटते. सीडीची मर्यादा २२.०५ किलोहर्ट्‌झ आहे. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांनी ५५४ पैकी २७६ वेळा अचूक उत्तर दिले. हे प्रमाण निव्वळ अंदाजाने मिळणाऱ्या यशाएवढेच होते. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला असता अचूक उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक असलाच, तर तो अत्यल्प आहे. दोन उपकरणांची तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवणे व कोणते उपकरण वाजत आहे हे श्रोत्याला न कळू देणे आवश्यक असते. कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादा

स्ट्रीमर मूळ मुद्रणात नसलेला ध्वनी निर्माण करू शकत नाही. मिरजेत वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन केलेली आहेत; १९३० च्या दशकातील त्यांची मुद्रणे मायक्रोफोनवर झाली. कर्ण्याच्या पद्धतीत सुमारे २,५०० हर्ट्‌झपलीकडचे स्वर फारसे नोंदले जात नसत. त्यामुळे या दोन काळांतील मुद्रणांत जाणवणारा फरक कोणत्याही दोन स्ट्रीमरमधील फरकापेक्षा मोठा आहे. अशा संगीतासाठी सुस्थितीतील तबकडी व तिचे काळजीपूर्वक केलेले डिजिटल रूपांतर अधिक निर्णायक ठरते.