चित्रातला रंग, बाटलीतला रंग

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांच्या छायाचित्रांत पंखांवरच्या वर्तुळचिन्हातला निळा अनेकदा फिका दिसतो आणि लाल जवळजवळ काळा. कारण तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर लाल प्रकाशाचा ठसा उमटतच नसे, निळ्याचा मात्र ठळक उमटे. रंगीत छायाचित्रातही उजेड मिसळलेला असतोच: सावलीत पांढरा निळसर होतो, सांजवेळी पिवळसर. म्हणून छोटी प्रतिकृती रंगवताना संगणकाने दिलेल्या आकड्यांवरून थेट बाटली निवडू नये. चित्रातली नक्की पांढरी असलेली वस्तू शोधून तिच्याशी रंग ताडावा. मग निवडलेल्या रंगाचा पट्टा ओढून, वाळल्यावर, प्रतिकृती जिथे ठेवायची तिथल्याच उजेडात पाहावा. नाहीतर काचेने केलेली फसगत प्रतिकृतीवर चढते आणि पुढचा पाहणारा तिलाच इतिहास समजतो.