दुकानातला एसी आणि एएमसी: सही करण्याआधी हे वाचा

दुकानाचा महिन्याचा खर्च मांडताना भाडं, पगार, लाईटबिल, माल हे सगळं आपण लिहितो. एक ओळ मात्र बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे एसीचा मेंटेनन्स. एसी घेताना तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो, पण नंतर तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे बघत नाही. आणि तो बंद पडतो तो नेमका एप्रिल-मेमध्ये, लग्नसराईच्या गर्दीत, जेव्हा मेकॅनिक फोनच उचलत नाही. सलून असो, क्लिनिक असो की कपड्यांचं दुकान, गिऱ्हाईक घामाघूम झालं की धंदा गेलाच म्हणून समजा.

आधी हिशोब

लाईटबिलातल्या एकूण रकमेला युनिटने भागा. हा तुमचा खरा दर. समजा तो १३ रुपये आला आणि दीड टनाचा एसी दिवसाला १२ युनिट खातो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ युनिट, म्हणजे ४,०५६ रुपये. धुळीने भरलेल्या एसीने फक्त १० टक्के जास्त वीज ओढली, तरी महिन्याला ४०० रुपये फुकट गेले. दोन एसी असतील तर ८००.

अजून एक सोपी गोष्ट. रिमोटवर १८ लावलं म्हणून दुकान लवकर गार होत नाही. बीईईच्या म्हणण्यानुसार तापमान एका डिग्रीने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीचं डीफॉल्ट सेटिंग २४ ठेवलं आहे. तिथेच ठेवा, सोबत पंखा लावा.

स्वतः करायची कामं (खर्च शून्य)

१. फिल्टर: दर १५ दिवसांनी धुवा. दुकान रस्त्याला लागून असेल तर दर आठवड्याला. आधी एमसीबी बंद करा. फिल्टर सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा.
२. आउटडोअर युनिट: त्याच्यासमोर खोके, फ्लेक्स, जुना बोर्ड काही ठेवू नका. आतली उष्णता तिथूनच बाहेर जाते. वाट अडली की कॉम्प्रेसरवर लोड येतो.
३. ड्रेन पाईप: पाणी नीट बाहेर पडतंय का बघा. पाईप तुंबला की पाणी आत टपकतं, आणि खाली तुमचा माल असतो.
४. दरवाजा: डोअर क्लोजर लावा. उघड्या दारात कुठलाच एसी पुरत नाही.

एएमसीचे दोन प्रकार

नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये फक्त सर्व्हिस आणि मजुरी येते. पार्ट आणि गॅसचे पैसे वेगळे. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पार्टही येतात, पण बारीक अक्षरात कॉम्प्रेसर, पीसीबी किंवा गॅस वगळलेला असू शकतो. त्यामुळे नावावर जाऊ नका, यादी वाचा.

नवीन एसी असेल तर आधी वॉरंटी कार्ड काढा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर बरीच वर्षं वॉरंटी देतात. जे वॉरंटीत आहे, त्याचेच पैसे एएमसीत परत कशाला भरायचे?

सही करण्याआधी हे लिहून घ्या:

- वर्षात किती सर्व्हिस? त्यातली एक फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि एक पावसाळ्यानंतर हवी.
- तक्रार केल्यावर किती तासांत माणूस येणार?
- कुठले पार्ट धरलेत, कुठले नाहीत?
- सांगितलेला दर जीएसटी धरून की वगळून? १८ टक्के नंतर लागले तर बजेट हलतं.
- पैसे एकदम की हप्त्यात? शक्यतो अर्धे आधी, उरलेले अर्धी सर्व्हिस झाल्यावर.

"साहेब, गॅस संपलाय"

हे वाक्य ऐकलं की थांबा. एसीचा गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाईपमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता नुसता गॅस भरला, तर पुढच्या सीझनला तेच बिल परत येणार. बरोबर पद्धत अशी: लीक शोधणं, दुरुस्त करणं, व्हॅक्यूम करणं आणि मग वजन करून गॅस भरणं. कुठला गॅस आणि किती ग्रॅम, हे युनिटच्या नेमप्लेटवर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

बऱ्याचदा कूलिंग कमी होण्याचं कारण गॅस नसतोच, फिल्टर किंवा कॉइल तुंबलेली असते. म्हणून आधी सफाई, मग गॅसची गोष्ट.

गाळा भाड्याचा असेल तर

एसी मालकाचा असेल, तर दुरुस्ती कोणी करायची हे ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहून घ्या. मॉलमध्ये सेंट्रल एसी असेल, तर तो किती ते किती वाजेपर्यंत चालतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्स चार्जेसमध्ये धरलाय का, हे गाळा घेण्याआधीच विचारा.

आजचं काम: एक वही करा. प्रत्येक एसीसाठी एक पान. सर्व्हिसची तारीख, काय केलं, किती पैसे आणि मेकॅनिकची सही. पुढच्या वर्षी एएमसीचा भाव करायला बसाल, तेव्हा हे पान समोर ठेवा.