स्वयंपाकघराची मांडणी : अल्प खर्चातील निदानपरिवर्जन

सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान हे विषतंत्राचे स्थान होय. त्याच्या पहिल्याच अध्यायात आचार्यांनी अन्नरक्षणाच्या निमित्ताने राजाच्या महानसाचे वर्णन केले आहे. महानस योग्य दिशेस व योग्य जागी बांधलेले, ऐसपैस आणि स्वच्छ असावे. भांडी निर्मळ असावीत. जाळीदार गवाक्षे पुरेशी असावीत आणि वर वितान, म्हणजे कापडी छत, ताणलेले असावे, असे तेथे सांगितले आहे. या महानसावर जाणकार वैद्याची नेमणूक करावी, असाही निर्देश आहे. आज आपल्यापैकी कितीजण रुग्णाच्या स्वयंपाकघराची विचारपूस करतात? प्रस्तुत लेखकही ती करीत नसे. एका प्रसंगाने डोळे उघडले.

चिखली तालुक्यातील एक पन्नाशीच्या मावशी कास-श्वासाच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत असत. सितोपलादी चूर्ण, वासावलेह, पथ्यापथ्य असे सर्व यथासांग चालले होते. आठ दिवस बरे वाटे, पुन्हा धाप लागे. असे वर्षभर चालले. एके दिवशी त्या गावात दुसऱ्या रुग्णाला पाहण्यास गेलो असता मावशींनी चहाला बोलावले. स्वयंपाकघरात खिडकी नव्हती. कोपऱ्यातील चुलीत पऱ्हाट्या जळत होत्या आणि भिंती काजळीने काळ्याकुट्ट झाल्या होत्या. मावशी सहज म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दवा देता, पण सयपाक कोठी करतो, ते कधी इचारलंच नाही तुमी."

त्यांचे म्हणणे खरे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात, हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये धूळ आणि धूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो मी परीक्षेसाठी पाठ केला होता. रुग्णाला प्रश्न विचारताना मात्र विसरलो होतो. घरगुती इंधनाच्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला. तथापि सिलिंडर भरण्याचा खर्च व फुकट मिळणारी पऱ्हाटी यांमुळे अनेक घरी भाकरी अद्याप चुलीवरच होते.

मावशींच्या घरी पुढील बदल केले. चुलीसमोरच्या भिंतीत खिडकी पाडून जाळी बसविली. चुलीवर धुराडे काढले. काजळी खरवडून भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. त्यामुळे तीच खोली दुप्पट उजळ दिसू लागली. चहा-दूध व सकाळची घाईची कामे गॅसवर आणि भाकरी तेवढी चुलीवर, असे ठरले. काही महिन्यांत धापेचे वेग कमी झाले व औषधाची मात्राही उतरविता आली. व्याधी समूळ गेला असे मी म्हणणार नाही. पण वर्षभराच्या औषधाने जे साधले नव्हते, ते निदानपरिवर्जनाने साधले.

रुग्णास सांगण्याजोग्या काही गोष्टी

मांडणी : भिंतीतील कोनाडे, लाकडी फळी किंवा जुनी पितळी भांड्यांची मांडणी हीच खरी शोभा होय. फळीवर धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याचा पट्टा अंथरावा. तो दिसतो चांगला व आठवड्याला धुता येतो. मात्र तो ज्वाळेपासून दूर असावा. वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थाखाली वापरू नये. त्याची शाई अन्नास लागते.

पात्रे : सुश्रुतांनी सूत्रस्थानात तूप लोखंडाच्या, पेया चांदीच्या, तर राग-षाडव काच-स्फटिकाच्या पात्रात द्यावेत असे म्हटले आहे. खामगावची चांदी प्रसिद्ध असली तरी ती प्रत्येकाच्या आवाक्यातली नाही. परंतु लोणचे, चिंच, ताक यांसाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी कोणासही परवडते. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नयेत, एवढे अवश्य सांगावे.

माठ : घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळा असह्य होतो. खिडकीजवळ, वाऱ्याच्या वाटेवर तिवईवर माठ ठेवावा, त्याला ओले फडके गुंडाळावे आणि पाण्यात वाळ्याची स्वच्छ जुडी सोडावी. खर्च नगण्य, आणि स्वयंपाकघरात सुगंधही राहतो.

वनस्पती : खिडकीत तुळस, गवती चहा, पानओवा लावावा. फुटका माठ किंवा तेलाचा जुना डबा बुडाशी छिद्रे पाडून कुंडी म्हणून चालतो.

एक गंभीर सूचना

येथे थांबून एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. आपला जिल्हा कपाशी व सोयाबीनचा. कीटकनाशकाचे रिकामे डबे मजबूत व देखणे असतात, म्हणून ते धुऊन धान्य, तेल किंवा पाणी ठेवण्यास वापरले जातात. कितीही धुतले तरी असे डबे घरात वापरू नयेत; कुंडी म्हणूनही नाही. 2017 साली आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ते विष श्वासातून व त्वचेतून गेले. डब्यातले विष अन्नातून जाईल, एवढाच फरक. आचार्यांनी महानसाचे वर्णन विषतंत्रात का केले, याचे उत्तर येथे मिळते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

रुग्ण औषध नेतो आणि ओट्यावर, शेगडीशेजारी ठेवतो. तेथील उष्णतेने व वाफेने चूर्णाचे गोळे होतात. शार्ङ्गधरांच्या मते चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते; ओट्यावर ते त्याआधीच होणार. औषधासाठी शेगडीपासून दूर, कोरडा व मुलांच्या हाती न लागणारा एक कोनाडा राखावा, असे पुडी देतानाच सांगावे. सुंठ, ओवा, हिंग, जिरे यांसाठी घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्यांवर नाव व तारीख लिहिण्याची सवय लावावी. स्वयंपाकघर सुबक दिसते आणि अपचनाच्या वेळी योग्य वस्तू हाताशी लागते.

वैद्यबंधूंनी आपल्या रुग्णपत्रिकेत आहार, निद्रा, मल, मूत्र यांच्या खाली एक ओळ वाढवावी : "स्वयंपाक कोठे व कशावर होतो?" मी ती वाढविली आहे. मावशींच्या वेळी ती असती, तर त्यांचे एक वर्ष वाचले असते.